व्हाइस गव्हर्नरबाईंना मदत लागत नाही

कामाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमच्या गावात कुणी वारलं की पुढारी कधी येतो?"

मी बीपीचं मशीन हातात धरून उभी. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की पेशंट गोळ्यांबद्दल विचारेल, जेवणाबद्दल विचारेल, मुलंबाळं विचारेल. मयताचं कुणी शिकवलं नव्हतं.

"मोठ्या घरचं माणूस असलं तर त्याच दिवशी येतो," मी माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगितलं. "नाहीतर तेरवीला. जेवायच्या वेळेवर."

त्या खुर्चीचे हात धरून हसल्या. "तेराव्या दिवशी! तोवर माझा विरोधक त्या घरचा जावई झाला असता."

मग बीपी राहिलं बाजूला. मला समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं. फिलिपीन्समध्ये त्यांच्या भागात माणूस गेलं की लगेच पुरत नाहीत. पेटी घरात ठेवतात, कित्येक दिवस. शेजारीपाजारी येऊन बसतात, पत्ते खेळतात, कॉफी पितात. पुढाऱ्यानं पहिल्या संध्याकाळीच पोचायचं. "तिथे मत मागायचं नाही. बसायचं. दिलेलं बिस्किट खायचं. विधवेचा हात हातात घ्यायचा आणि तिनं सोडला की मगच सोडायचा. तू आधी सोडलास की संपलं. सगळं गाव बघत असतं."

मी म्हटलं, "मॅडम, बीपी घेऊ का?"

"घे. पण जास्त आलं तर कुणाला सांगू नकोस."

मला वाटलं, गंमत करतात. त्या गंमत करत नव्हत्या, हे कळायला मला पुढे बराच काळ लागला.

मी भंडारा जिल्ह्यातली. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं होती. लग्न झालं, मुलगा झाला, आणि दिरानं अमेरिकेसाठी भरलेले कागद इतक्या वर्षांनी आले की आम्ही ते विसरूनही गेलो होतो. नवरा एडिसनला ओक ट्री रोडवरच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये लागला. मी होम हेल्थ एडचं ट्रेनिंग केलं. म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, चालवायचं, सोबत बसायचं. परीक्षा इंग्रजीत होती. पास झाले तेव्हा नवऱ्याला खरं वाटेना, आणि मला तर अजूनही कधीकधी वाटत नाही. कुणीतरी फोन करेल आणि म्हणेल, बाई, चूक झाली, सर्टिफिकेट परत द्या. मला भीती वाटायला कारण लागत नाही. आणि ज्यांनी काम दिलं त्यांचे उपकार मी मोजत बसते, तेही कारण नसताना. हे सांगायचं एवढ्यासाठी की पुढे जे झालं त्यात माझ्या या स्वभावाचा वाटा होता.

मॅडम म्हटलेलं त्यांना आवडेना. "मॅडम ऑफिसात. तू मोठ्या बाईला काय म्हणतेस?" मी म्हटलं, मावशी. तेव्हापासून मावशी. मला त्या इंदाय म्हणायच्या. त्यांच्याकडे घरातल्या मुलीला, धाकट्या बहिणीला लाडानं असंच म्हणतात. मी पन्नाशीच्या जवळ आले, पण त्या घरात मी मुलगीच.

मावशी मुलीकडे राहत होत्या. मुलगी हॉस्पिटलमध्ये नर्स, बारा-बारा तासांच्या शिफ्टा. मावशींना नवरा गेल्यानंतर लकव्याचा अटॅक येऊन डावी बाजू कमजोर झाली, म्हणून मुलीनं त्यांना इकडे आणलं. त्याआधी त्या त्यांच्या प्रांताच्या व्हाइस गव्हर्नर होत्या. मला आधी हे पटलं नव्हतं. म्हातारं माणूस काहीही बोलतं. पण रविवारी त्यांच्या भागातले लोक भेटायला येत. कुणी नर्स, कुणी जहाजावरून निवृत्त झालेले, त्यांची मुलं. ते येताना खाली वाकत, मावशींचा उजवा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावत आणि म्हणत, "व्हाइस." आपण पाया पडतो, तसंच ते. आणि मावशी प्रत्येकाला विचारत, तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत, तुझ्या भावानं ती म्हैस विकली का. त्यातली निम्मी माणसं म्हणे त्यांची धर्माची लेकरं. तिथे बाप्तिस्म्याला पुढाऱ्याला धर्ममाता करायची पद्धत आहे, आणि नाही म्हणता येत नाही.

त्यांचं सगळं आयुष्य मी तुकड्यातुकड्यानं ऐकलं. केस विंचरताना थोडं, हाताचे व्यायाम घेताना थोडं, भाजी चिरताना थोडं.

आई सुईण, वडील मासे धरणारे. शिकून त्या गावच्या कचेरीत टायपिस्ट झाल्या आणि तिथल्या मेयरशी लग्न झालं. तिकडे मेयरला लागोपाठ तीनदाच उभं राहता येतं. मध्ये एकदा थांबावं लागतं. मग पुढारी काय करतात, बायकोला उभी करतात. खुर्ची घरातच राहते.

मी म्हटलं, "आमच्याकडे एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं."

मावशींना हे इतकं आवडलं की त्यांनी विंचरणं थांबवायला लावलं. "अगदी तसं! मी रुमाल होते."

मग मीही सांगितलं. आमच्या गावात सरपंचपद महिला राखीव झालं तेव्हा माझी चुलत वहिनी सरपंच झाली. ग्रामपंचायतीत खुर्चीवर दादा बसायचा, वहिनी आत चहा करायची. सही तेवढी तिची. लोक तिला सरपंचबाई म्हणायचे आणि काम दादाला सांगायचे.

"मग पुढे?"

"पुढे काही नाही. मुदत संपली, वहिनी परत धानाच्या बांधीत."

"हं," मावशी म्हणाल्या. "रुमाल उचलला."

त्यांच्या ऑफिसातही नवऱ्यानं आपलं टेबल लावून घेतलं होतं. त्यांच्या टेबलापेक्षा मोठं. कागद आधी तिकडे जायचा, मग इकडे. एकदा वादळानंतर त्या एका बेटावरच्या वस्तीत तांदूळ वाटायला गेल्या. तिथे एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या आणि दवाखान्यात न्यायला होडी मिळेना. सुईणीच्या मुलीला ते बघवलं नाही. बाई वाचली, मूल वाचलं नाही. परत आल्यावर त्यांनी बाळंतिणींसाठी मोटारीची होडी घ्यायच्या कागदावर सही केली, नवऱ्याच्या टेबलाकडे न पाठवता.

"रागावले असतील," मी म्हटलं.

"जेवला नाही. मी त्याचं टेबल बाहेर काढून बाकांपाशी ठेवलं. लोकांना कॉफीचे कप ठेवायला कामाला आलं."

मुदत संपल्यावर नवरा म्हणाला, ऊठ आता. त्या उठल्या आणि प्रांताच्या मंडळासाठी उभ्या राहिल्या. ते आपल्या जिल्हा परिषदेसारखं काहीतरी असतं. नवऱ्यानं गाडी दिली नाही. मासे विकणाऱ्या बायकांनी आपल्या रिक्षांतून त्यांना गावोगाव फिरवलं. मावशी म्हणायच्या, माझ्या पहिल्या भाषणांना सगळा सुकटीचा वास होता. निवडून आल्या तेव्हा हार घेऊन पहिला कोण आला? नवरा. "पुढारीच तो. हरलेल्या बाजूला किती वेळ उभा राहील?"

तिथून पुढे व्हाइस गव्हर्नर. शेवटी गव्हर्नरपदाला उभ्या राहिल्या आणि पडल्या, तेही स्वतःच्या पुतण्याकडून. मी म्हटलं, हे मात्र आम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

एक गोष्ट त्या पुन्हापुन्हा सांगत. पुढाऱ्यानं आजारी दिसायचं नाही. लोकांना वास लागला की ते दुसरा माणूस शोधायला लागतात. एका प्रचारात त्यांच्या पायाचं बोट मोडलं होतं, तरी स्टेजवर गाणं म्हणून नाचल्या. तिकडे नाचल्याशिवाय सभा होत नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

सरकारी योजनेतून मावशींना माझ्या कामाचे तास मिळत. दरवर्षी एक नर्स घरी येऊन बघून जाते की पेशंटला किती मदत लागते, त्यावर पुढच्या वर्षीचे तास ठरतात. माझं त्या घरातलं हे पहिलंच वर्ष. मुलीची शिफ्ट होती. ती सकाळी जाताना म्हणाली, "काही नाही, साधे प्रश्न असतात. जे आहे ते सांगायचं."

जे आहे ते. आम्ही दोघींनी काय केलं असेल? मावशींनी केस काळे करून घेतले. मोत्यांच्या कुड्या घातल्या. खांद्यावर पंखासारख्या उभ्या बाह्यांचा त्यांचा सभेचा ब्लाउज मी इस्त्री केला. बटणं मी लावली, कारण त्यांना लावता येत नाहीत. त्यांनी पान्सित करायला लावलं, त्यांच्याकडच्या तांदळाच्या शेवया. मी त्यासोबत मूगभजी काढली, कारण दारी आलेल्या माणसाला एकाच पदार्थावर कसं बोळवायचं? वॉकर मधे मधे येत होता. पाहुणी येणार म्हणून मीच तो कपाटामागे सरकवला. आपल्याकडे पाहुणे यायचे असले की आजाऱ्याची गादी आत नेतात ना, तसं. मनात दुसरं काही नव्हतं.

नर्सबाई आल्या. तरुण, गोड स्वभावाच्या. मावशी माझ्या हाताला हलकं धरून सोफ्यापर्यंत चालत आल्या. लांबून वाटलं असेल की त्या मला घेऊन येत आहेत. बसताबसता त्यांनी नर्सबाईंना विचारून टाकलं की घर कुठे, आईवडील कुठे, रस्ता कसा होता. नर्सबाईंनी खायला नको म्हटलं, ड्यूटीवर चालत नाही म्हणून. मावशींनी डबा भरून द्यायला सांगितला.

मग प्रश्न. आंघोळीला मदत लागते? "नाही, अजिबात." कपडे घालायला? मावशींनी बाह्या नीट केल्या. "बघताय ना." पडल्या होत्या का कधी? "मी निवडणुकीत पडले, तेवढंच." नर्सबाई हसल्या. मीही हसले.

नंतर त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही अडचण? काम जड होतं का?"

मी काय म्हणणार? तक्रार केली असं दिसलं असतं. ज्या घरानं मला काम दिलं, त्या घराची उणीदुणी परक्या बाईपुढे काढायची? "नो प्रॉब्लेम," मी म्हटलं. "एव्हरीथिंग गुड. व्हेरी गुड लेडी."

नर्सबाई गेल्यावर आम्ही दोघींनी ती भजी खाल्ली. मावशी म्हणाल्या, "चांगलं झालं, इंदाय. तिचं मत पक्कं."

आठवड्याभरात मुलीला फोन आला. मावशींची तब्येत उत्तम असल्यामुळे तास निम्म्याहून कमी होणार होते.

मुलगी स्वयंपाकघरात टेबलावर दोन्ही हात टेकून उभी होती. "तुम्ही दोघींनी तिला काय सांगितलं?"

"खरं ते," मावशी म्हणाल्या.

"आई, तू नाचलीस का तिच्यापुढे?"

मग मुलीनं मला बाहेर बोलावून सांगितलं. इतक्या कमी तासांत तिचं नोकरीचं जमणार नव्हतं. आई दुपारभर एकटी राहू शकत नाही. वरचे तास विकत घ्यायचे तिला परवडत नव्हतं. अपील करता येतं, दुसरी नर्स बघायला येईल. तिनंही तसंच लिहिलं तर आईला नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, ठेवावं लागेल. "आणि तुम्हाला दुसरं घर शोधावं लागेल," ती हळू म्हणाली. वाईट वाटून म्हणाली, तिचा राग नव्हता.

घरी आले तर नवरा चहा घेत बसला होता. "काहून रडून राहिली?" मी सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू इतकं चांगलं काम केलं की कामच गेलं?" मग माझं तोंड बघून त्यानं कप खाली ठेवला.

दुसऱ्या भेटीपर्यंतचे दिवस वाईट गेले. मी मावशींना समजावत होते. मावशी, या वेळी सांगा. पडता ते सांगा. त्या खिडकीकडे बघत. एकदा मी म्हटलं, "इतकी वर्षं लोकांकडे मतं मागितलीत. मग हे मागायला काय जातं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कंगवा खाली ठेवला. "मत मागताना मी देणारी असते. मत द्या, होडी देते. हे मागणं वेगळं. हात पुढे करायचा आणि त्यात काहीच नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या नर्सिंग होममध्ये सगळ्यांना संध्याकाळी पाचला जेवायला घालतात. मी चौकशी केलीय." त्यांनाही तिथे जायचं नव्हतं. पण तोंडातून शब्द निघत नव्हता.

दुसऱ्या भेटीला मुलीनं रजा घेतली. केस काळे केले नाहीत. वॉकर सोफ्याजवळ ठेवला. भजी नाहीत. या नर्सबाई वयस्कर होत्या, चष्मा खाली घेऊन बघणाऱ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आंघोळीला मदत लागते का?"

मावशी बोलल्या नाहीत. नाही म्हणाल्या नाहीत, आणि हो पण नाही. मुलगी बोलायला लागली तर नर्सबाईंनी हात वर केला, त्यांना पेशंटकडून ऐकायचं होतं. मला वाटलं, गेलं.

तेवढ्यात मावशी सरळ बसल्या. चांगल्या हातानं त्यांनी समोरच्या टेबलावर दोनदा टकटक केलं आणि एका वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "अध्यक्ष भंडारा प्रांताच्या सन्माननीय सदस्यांना बोलायची परवानगी देत आहेत."

नर्सबाईंना काही समजेना. मुलीनं तोंडावर हात घेतला. मग तिनं सांगितलं की आई व्हाइस गव्हर्नर असताना मंडळाच्या सभा चालवायची. अध्यक्षाला वादात पडता येत नाही, मतही बरोबरी झाली तरच देता येतं. कुणी बोलायचं, एवढंच ठरवता येतं.

"कोण सदस्य?" नर्सबाईंनी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे बोट केलं.

आठवीच्या वर्गानंतर मला कुणी उभं राहून बोल म्हटलं नव्हतं. मी खरोखरच उभी राहिले, कारण बसून बोलायचं की उभं राहून तेच कळेना. आणि सांगितलं. बटणं मी लावते. डावा पाय टबमध्ये मी उचलून ठेवते. गोळ्या दोनदा घेतल्या जातात, म्हणून डबी मी वर ठेवते. स्वयंपाकघरात पडल्या, जिन्यात पडल्या, बाथरूममध्ये पडल्या.

"फरशी ओली होती," मावशी म्हणाल्या.

"आई," मुलगी म्हणाली, "अध्यक्षांना वादात पडता येत नाही."

मावशींनी ओठ मिटले. मी पुढे बोलत राहिले. चादरींचं सांगताना मात्र मला त्यांच्याकडे बघवेना. कधीकधी सकाळी चादर ओली असते आणि त्या ती उशीखाली गोळा करून ठेवतात, मी ती न बोलता धुते. हे आम्ही दोघी एकमेकींशीही कधी बोललो नव्हतो. सांगून झाल्यावर मी बसले.

नर्सबाईंनी चष्मा वर केला. "हे बरोबर आहे का?" त्यांनी मावशींना विचारलं. या वेळी आवाज जरा मऊ होता.

"नोंद करा," मावशी म्हणाल्या. मग थोडं थांबून, त्या सभेच्या आवाजात नाही, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "एक गोष्ट तिलाही माहीत नाही. तिची सुट्टी असते आणि मुलगी कामावर असते, त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. एकटीनं मला भीती वाटते."

मुलगी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. नर्सबाई बराच वेळ टॅबलेटवर लिहीत होत्या. जाताना त्यांनी मावशींचा हात हातात घेतला. मावशींनी सोडेपर्यंत.

मग वाट बघणं. मी रोज सकाळी बसमधून उतरताना आधी मुलीची गाडी दारात आहे का बघायची. ती घरी असली म्हणजे वाईट बातमी असणार, असं मीच ठरवून टाकलं होतं. एके दिवशी गाडी दारात होती. आत गेले तर मुलगी फोन कानाला लावून उभी आणि मावशी खुर्चीत, दोघी माझ्याकडे बघून हात हलवतायत. तास कमी होणार नव्हते. उलट सुट्टीच्या दिवसासाठी दुसरी बाई मिळणार होती, थोडा वेळ का होईना.

मी पदर, म्हणजे स्वेटरचं टोक, डोळ्यांना लावलं. मावशी म्हणाल्या, "रडतेस काय? जिंकलो आपण. आधी मला बाथरूमला ने, केव्हाची थांबलेय."

मी नेलं.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. मी इथे बसमध्ये कधी झोपत नाही. स्टॉप चुकला तर, ड्रायव्हर काही बोलला तर, असं सारखं मनात असतं. त्या दिवशी डोळा लागला, आणि उघडला तेव्हा आमचा स्टॉप कधीच मागे गेला होता. उतरून उलटं चालायला लागले. थंडी होती. नवऱ्याचा फोन आला, कुठे आहे म्हणून. मी म्हटलं, "झोपले होते."

"बसमध्ये? तू?"

"हो ना. मस्त झोप लागली."

त्याला खरं वाटेना. मग म्हणाला, "थांब तिथेच, येतो घ्यायला." मी म्हटलं, नको, चालतेय. आणि खरंच चालत आले, कुठलीही घाई न करता.